खाली ठेव, मी उचलते

"खाली ठेव, मी उचलते."

काकींची आठवण निघाली की आधी मला हे वाक्य ऐकू येतं, आणि मग मागे घेतलेला त्यांचा हात दिसतो. तुमच्याही शेजारात अशी एखादी बाई असेल, जिचं एक वाक्य अख्ख्या इमारतीला पाठ असतं. आमच्याकडे ते काकींचं होतं. त्यांचं नाव मी सांगत नाही. सांगितलं तरी इमारतीत कुणाला कळायचं नाही, कारण वॉचमनपासून सगळे त्यांना काकीच म्हणायचे.

आम्ही भिवंडीतल्या त्या इमारतीत राहायला आलो, तेव्हा सामान अजून खोक्यांत होतं आणि मीठ कुठल्या खोक्यात गेलंय ते देवाला ठाऊक. मी वाटी घेऊन समोरचं दार वाजवलं. काकींनी वाटी भरून आणली. मी हात पुढे केला, तर बाईंनी माझ्या हाताला वळसा घालून ती चपलांच्या कपाटावर ठेवली. मला तिथल्या तिथे राग आला. मी रागावायला फार वेळ घेत नाही. म्हटलं, कुठल्या जमान्यातली बाई आहे ही, हाताला हात लागू देत नाही.

माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "मीठ हातात देऊ नये गो बाय, भांडन होतं. आपली तर अजून ओळखपन न्हाय झाली."

मला हसू आलं आणि राग कुठे गेला ते कळलंच नाही. दोन दिवसांनी मीठ परत द्यायला गेले, तेव्हा त्यांनी हात पदरात घेतला आणि उंबऱ्याकडे मानेनं खूण केली. "खाली ठेव, मी उचलते."

मीठ हातात देऊ नये, हे तुमच्याआमच्या घरातही म्हणतात. पण आपण म्हणतो आणि विसरतो. काकी विसरत नसत. एकदा किराणा घेऊन आलेल्या पोऱ्याने मिठाची पिशवी नेमकी वर ठेवली होती आणि ती तो त्यांच्या हातात द्यायला लागला.

"भैया, नमक नीचे रखो."

"क्यों आंटी?"

"झगडा होता हाय."

"आपसे मेरा क्या झगडा होगा, आंटी?"

"अभी नहीं हाय. इसलिये तो बोलती हूँ, नीचे रखो."

आमच्या वरच्या मजल्यावरच्या नसरीनने एकदा त्यांना छेडलं होतं. नसरीनच्या सासरी कापडाचे लूम आहेत, बाई मोठ्या आवाजाची आणि मोठ्या मनाची, माझी जिवाची मैत्रीण. ती म्हणाली, "काकी, हमारे में ऐसा कुछ नहीं होता." काकी म्हणाल्या, "तुमचे में नसेल, माझे में हाय," आणि तिने हातातली मीठदाणी टेबलावर ठेवेपर्यंत जेवायला बसल्या नाहीत.

यामागे काय होतं ते मला पुढे कळलं, काकींकडूनच. एकदा मी गोदामातून ड्युटी करून आले (मी दापोड्याला एका गोदामात डिस्पॅच बघते), तर काकी गॅलरीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. मी पण बसले. सोलता सोलता त्या म्हणाल्या, "अशाच शेंगा आमी दोगी बांधावर बसून सोलायचो. मी आन धाकटी."

धाकटी म्हणजे त्यांची जाऊ. मानकोलीजवळच्या गावात दोघी एका घरात नांदल्या, एका चुलीवर. घरामागे शेताचा एक पट्टा होता, तिथे भात निघाला की वाल लावायच्या. तो पट्टा दोघींचा. मग आजूबाजूला गोदामं उठायला लागली. काकांनी, म्हणजे काकींच्या यजमानांनी, शेत गोदामाला द्यायचं ठरवलं. धाकट्या भावाला ते नको होतं. पण थोरल्याने शब्द देऊन टाकला होता. शेतात वाल फुलावर असताना मशीन आलं आणि भराव पडला. त्या दिवशी दोघी जावा अंगणात भांडल्या, आणि असं भांडल्या की गाव गोळा झाला. धाकटी नवऱ्याला घेऊन दिघाशीला माहेरच्या जमिनीवर निघून गेली. काकीही पुढे गाव सोडून इमारतीत आल्या. दोघींमधून तेव्हापासून विस्तव जात नव्हता. लग्नं झाली, बारशी झाली, ही उजवीकडे बसली तर ती डावीकडे.

"पन ते गोदामानं न्हाय झालं," काकी मला म्हणाल्या. "त्या दिवशी सकाळी ती भाकरी थापत व्हती. मी म्हटलं, मीठ दे गो. तिनं पिठाच्या हातानं मूठभर मीठ माझ्या हातावर ठेवलं. मी पन घेतलं. दुपारी भांडन. मिठानंच झालं ते."

मी बरं म्हटलं. शिकलेल्या माणसाने अशा वेळी गप्प बसावं एवढं मला कळतं.

त्या हिवाळ्यात आमच्या मोबाइलवर एक मेसेज फिरायला लागला. दिघाशीला एका शेतावर खाऊमेळा होता. मडक्यात भाजलेली पोपटी, तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, उसाचा रस, बैलगाडीतून फेरी, घरच्यांना आणि मित्रमंडळींना घेऊन या. माझी मुलगी सई बैलगाडीवरून हट्टाला पेटली, नसरीन भाकरीवरून. मी सहज म्हणून मोबाइल काकींना दाखवला. मेसेजमध्ये फोटो होता, एक बाई वाकून जाळ पेटवते आहे.

काकींनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, "ही बया अजून डाव्या हातानंच काडी ओढते."

मला कळलं, ही धाकटी. मी मोबाइल परत मागितला नाही. थोड्या वेळाने काकीच म्हणाल्या, "मी येते."

"बोलणार का तिच्याशी?"

"मी पोपटी खायाला येते," त्या म्हणाल्या. पण निघायच्या दिवशी त्या हिरवी साडी लुगड्यासारखी नेसून, केसांत अबोली माळून खाली आल्या. पोपटी खायला कुणी अबोली माळत नाही. त्यांना बोलायचं होतं, आणि ती बोलली नाही तर काय करायचं याची धास्ती चेहऱ्यावर दिसत होती. गाडीत बसेपर्यंत त्यांनी मला दोनदा विचारलं, "मला बघून ती आत निघून गेली तर?"

नसरीनच्या नवऱ्याची गाडी एरवी कापडाचे तागे वाहते. ती धुऊनपुसून आणली होती, तरी कोपऱ्यातून सूत निघतच होतं. आम्ही तिघं, नसरीनचे तिघं, काका आणि काकी. भिवंडी-वाडा रस्त्याच्या खड्ड्यांना नसरीन मनापासून शिव्या घालत होती. मधेच काका, जे एरवी दिवसाला मोजून चार शब्द बोलायचे, म्हणाले, "मिठानं कसलं भांडण होतंय. मी गोदामाला हो म्हटलं, म्हणून भांडण झालं."

नसरीनच्या शिव्या थांबल्या.

"तुमी गप ऱ्हा," काकी म्हणाल्या. "मिठानंच झालं." आणि त्यांनी काकांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं ही बाई मिठाला नावं ठेवत होती, कारण नवऱ्याला नाव ठेवायचं नव्हतं. मला काकींबद्दल एकदम इतकी माया वाटली की मी खिडकीबाहेर बघायला लागले.

शेतावर चांगली गर्दी होती. भात निघालेल्या खाचरात माणसांनी सतरंज्या टाकल्या होत्या. पोपटी तुम्हाला माहीत असेल. मडक्यात खाली भांबुर्ड्याचा पाला, वर वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, जाडं मीठ, पुन्हा पाला ठासून तोंड बंद, आणि मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा टिपूस नाही. मेळ्याची रीत अशी होती की ज्याचं मडकं त्यानेच भरायचं. फक्त मीठ धाकटी टाकायची. कमीजास्त झालं तर नाव तिच्या शेताचं जाणार, म्हणून मिठाचं ताट घेऊन ती स्वतः रांगेतून फिरत होती आणि प्रत्येकाच्या मडक्यात मूठ सोडत होती.

ती काकींपेक्षा उंच होती, उन्हाने रापलेली, भराभरा चालणारी. आमच्यापासून तीन सतरंज्या लांब असताना तिने मान वर केली आणि काकींना पाहिलं. थांबली. मग पुढच्या मडक्याकडे वळली. आत निघून गेली नाही, एवढं मी काकींच्या कानात सांगितलं.

"मना दिसतंय," काकी म्हणाल्या. त्यांचे हात शेंगांत होते आणि एकच शेंग त्या पुन्हा पुन्हा पुसत होत्या.

ती आमच्यापाशी आली, त्या क्षणी काकींनी मान फिरवली आणि पाला निवडायला लागल्या. एवढा वेळ जिची वाट बघितली, ती समोर आल्यावर बाई पाला निवडते आहे. मला त्यांना चिमटा काढावासा वाटला. धाकटी क्षणभर उभी राहिली. मग तिने मिठाचं ताट आमच्या मडक्याजवळ जमिनीवर ठेवलं आणि काही न बोलता शेजारच्या लोकांचा जाळ सारखा करायला गेली. थोड्या वेळाने ताट उचलून पुढे निघाली. तेवढ्यात सई बैलगाडीच्या मागे धावली, मी सईच्या मागे धावले, आणि परत येऊन मडक्यात पाला ठासून तोंड बंद केलं.

जाळ छान लागला. नसरीनच्या नवऱ्याने मडक्यावर पाण्याचे थेंब उडवून बघितले, थेंब चुर्र करून उडून गेले, म्हणजे शिजलं. मडकं काठीने ओढून सतरंजीसमोर केळीच्या पानावर रिकामं केलं. वाफ आली, भांबुर्ड्याचा तो कडवट, हवाहवासा वास आला. सगळ्यात आधी हात नसरीनने घातला. अंडं सोललं, तोंडात टाकलं, चावलं, थांबली.

"काकी," ती म्हणाली, "नमक कहाँ है?"

मी शेंग चाखली. अळणी. बटाटा चाखला, तोही अळणी. नसरीनचा आवाज तुम्हाला मी सांगितलाच आहे, तो चार सतरंज्यांपलीकडे गेला. धाकटी तरातरा आली. तिच्या शेतावर पोपटी अळणी निघाली, हे ऐकून घेणारी ती नव्हतीच.

"असं व्हनारच न्हाय," ती म्हणाली. वाकून एक शेंग उचलली, दातांनी ओढली, आणि तिची नजर काकींवर गेली.

"तू टाकलं न्हायस?"

"मी कशाला टाकू? मीठ तू टाकतेस," काकी म्हणाल्या.

"मी ताट खाली ठेवलं ना तुझ्यापुढं. तुला आता हातात चालत न्हाय, समद्यांना म्हाईत हाय. म्हटलं, उचलशील."

"मना काय म्हाईत. मी वळून बघते तर तू ताट घेऊन गेलीस. म्हटलं, टाकून गेली."

"बोलली का न्हाईस मग?"

"तू बोललीस?"

"तू तोंड फिरवून बसलीस, बोलू कुनाशी? पाल्याशी?"

इतक्या वर्षांनी पहिलं बोलणं हे असं झालं. आजूबाजूचे लोक बघत होते. माझा नवरा हसू दाबायला रसाच्या गाड्याकडे गेला. दोघींच्याही ते लक्षात आलं असावं, कारण दोघी एकदम गप्प झाल्या. धाकटीच्या तोंडावरून राग उतरला आणि तिथे दुसरंच काही यायला लागलं. ते दिसू नये म्हणून ती वळली, ताटातून मूठभर मीठ घेऊन आली, आणि आमच्या केळीच्या पानाच्या कडेला ठेवायला खाली वाकली.

काकींनी हात पुढे केला. तळवा वर.

"हातात दे," त्या म्हणाल्या.

मी नसरीनकडे बघितलं, नसरीनने माझ्याकडे.

धाकटीची मूठ तशीच अधांतरी. "हातात नको, वैनी. भांडन व्हईल."

"व्हईल तर व्हऊ दे," काकी म्हणाल्या. "भांडलीस तर बोलशील तरी."

धाकटीने मूठ उघडली. मीठ काकींच्या हातावर पडलं, थोडं सतरंजीवर सांडलं. मग तिने मूठ रिकामी झाल्यावरही हात काढला नाही, तिथेच काकींच्या हातावर ठेवून ती खाली बसली, आणि दोघी रडल्या. नसरीनही रडली, तिला निमित्त लागत नाही. मीही रडले. पोपटी गार व्हायला लागली, तेव्हा काकींनीच डोळे पुसले, मीठ शेंगांवर भुरभुरलं आणि पहिली शेंग सोलून धाकटीच्या तोंडाशी नेली. मीठ वरून टाकलेलं, कुठे खारट, कुठे अळणी. आम्ही सगळी संपवली.

काका दिसेनात म्हणून मी शोधायला गेले, तर ते बैलगाडीपाशी धाकट्या भावाशेजारी उभे होते. दोघे बैलाच्या खुराबद्दल बोलत होते. मी काही न विचारता परत आले.

निघताना धाकटीने काकींच्या पदरात वालाच्या शेंगा बांधून दिल्या. गाडीत काकी गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. अबोली केव्हाच गळून गेली होती. "बघा काकी, घेतलंत ना मीठ हातात," मी म्हटलं. "आता बघा कसं भांडण होतंय."

आणि झालंच. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींचा फोन वाजला आणि समोरच्या घरातून आवाज यायला लागले. बिरड्यात गूळ घालायचा की नाही. सासूबाईंच्या पाटल्या कुठल्या हातात जड होत्या. भाताला पाणी किती. कधी काकी फोन आपटून म्हणायच्या, "आता परत न्हाय बोलनार तिच्याशी," आणि दुपारी मला विचारायच्या, "बाय, बघ गो, माझा फोन बंद तर न्हाय ना? तिचा आला न्हाय." रोज सकाळी, चहाबरोबर, नेमाने भांडण. नसरीन म्हणायची, लूमचा भोंगा नसला तरी चालेल, काकींच्या भांडणावर शिफ्ट लावता येईल. काकींच्या गालावर इतकं तेज मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मात्र मीठ आमच्याकडून घेताना अजूनही "खाली ठेव, मी उचलते." हातात घ्यायची सवलत फक्त धाकटीला.

मागच्या पावसाळ्यात काकी गेल्या. झोपेतच. सकाळी मी चहा टाकत होते, समोर फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. मला वाटलं, आज काकी रुसल्यात. मी दार वाजवलं, काकांनी उघडलं, तेव्हाही तो वाजत होता. तो फोन मी उचलला, आणि धाकटीला मी सांगितलं. कसं सांगितलं ते मला आठवत नाही. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "पन कालचं भांडन तर अर्धंच राहिलं."

समोरच्या घराला आता बहुतेक वेळा कुलूप असतं. काका दिघाशीला भावाकडे जास्त असतात.

या हिवाळ्यात मेळ्याला आम्ही पुन्हा गेलो. मी खरं तर नको म्हणत होते. नसरीन म्हणाली, "नहीं जायेंगे तो वो बुरा मानेगी," आणि ती म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. धाकटी आमच्या सतरंजीवर येऊन बसली. थकलेली दिसत होती. मडकं तिने स्वतः भरायला घेतलं, पाला, शेंगा, बटाटे. मिठाचं ताट माझ्या बाजूला होतं.

"मीठ दे गो," ती म्हणाली.

मी मूठ भरली, आणि सवयीने तिच्यापुढे पानावर ठेवायला वाकले.

तिने हात पुढे केला. तळवा वर.

"हातात दे, बाय," ती म्हणाली. "माझ्याशी भांडायला आता कुनी न्हाय ऱ्हायलं."

मी मीठ तिच्या हातावर ठेवलं, आणि माझा हात तिथेच राहू दिला.